ओल्ड कोर्सची चिठ्ठी: आईसाठी आखलेली गोल्फची सहल

२५ ऑगस्ट २०२४, रविवार. दुसऱ्या दिवशी गोकुळाष्टमी. आई साबुदाणा भिजत घालून टॅबसमोर बसली ती उठेचना. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर महिलांच्या ओपन या मोठ्या गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. लिडिया कोने अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलवर बर्डी केली (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) आणि मागे राहिलेल्यांचा खेळ संपायची वाट बघत ती उभी राहिली. आईसुद्धा तिच्याबरोबर थांबली, हातातलं भांडं तसंच. को जिंकल्यावर, अठराव्याच्या वाटेवरच्या दगडी पुलाकडे बघत आई एवढंच म्हणाली, "त्या पुलावरून एकदा चालायचं राहिलं बघ."

आईने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. हेही मागणं नव्हतंच. पण मी ते लक्षात ठेवलं आणि जून २०२५ मध्ये, तिच्या पासष्टीला, तिला घेऊन सेंट अँड्र्यूजला गेले. मला स्वतःला गोल्फ येत नाही. घरातल्या गोल्फवेड्या माणसाला अशी सहल भेट द्यायची असेल आणि देणाऱ्याला खेळातलं ओ की ठो कळत नसेल, तर काय काय अडतं ते मला चांगलं कळलंय. म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी आईविषयी थोडं. बाबा लष्करात होते. १९९४ साली वेलिंग्टनला, निलगिरीत, त्यांचा स्टाफ कॉलेजचा कोर्स चालू असताना तिथल्या एका म्हाताऱ्या कॅडीने, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणाऱ्याने, आईच्या हातात पहिल्यांदा सेव्हन आयर्न ही गोल्फची काठी दिली. बाबांनी पाठीच्या दुखण्यामुळे खेळ सोडला, आईने सोडला नाही. आता आम्ही पुण्यात वानवडीला राहतो आणि ती आठवड्यातून तीनदा पहाटे खेळायला जाते. हँडिकॅप २४ (खेळाचा दर्जा सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला). ती लांब मारत नाही, पण सरळ मारते.

भेट गुपचूप द्यायची असं मी ठरवलं होतं. ते जमत नाही, हे पहिलंच सांगून टाकते. ओल्ड कोर्सवर खेळायला हँडिकॅपचा अधिकृत दाखला लागतो आणि तो खेळणाऱ्याच्याच नावाने क्लबकडून घ्यावा लागतो. शिवाय तिकडची जमीन निराळी. समुद्र आणि शेतं यांच्या मधल्या वाळूच्या पट्ट्याला तिकडे लिंक्स म्हणतात. पाणी लगेच मुरतं, गवत आखूड आणि जमीन टणक. चेंडू हवेत उंच नेला तर वारा तो कुठेही नेऊन टाकतो, म्हणून खाली ठेवून घरंगळवावा लागतो. त्याचा सराव आधी करायला हवा. दिवाळीत मी आईला सांगितलं, आणि पुढचे सात महिने ती ग्रीनपासून, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतापासून, तीस-तीस पावलांवरून पटर या ढकलायच्या काठीने चेंडू ढकलत होती. सोबतच्या बायका विचारायच्या, "हे काय नवीन?" ती म्हणायची, "परीक्षा आहे." भेटीचे हे सात महिने मी गुपचूपपणाच्या नादात घालवले असते.

आता बुकिंग. यात मी एकदा पोळले.

सेंट अँड्र्यूजमध्ये एक ट्रस्ट सात सार्वजनिक कोर्स चालवतो: ओल्ड, न्यू, ज्युबिली, ईडन, स्ट्राथटायरम, नऊ होलचा बाल्गोव्ह आणि गावाबाहेर कड्यावरचा कासल. याखेरीज आजूबाजूला सेंट अँड्र्यूजचं नाव लावणारे इतरही कोर्स आहेत. मी आधी एका सहल कंपनीकडे गेले. नाव लिहीत नाही. त्यांनी दोघींचे अकरा लाख सांगितले आणि "सेंट अँड्र्यूजला खात्रीचा टी टाइम" (खेळ सुरू करायची राखीव वेळ) असं छापील पत्र दिलं. मी पंचवीस हजार भरून बसले. पत्र आईने वाचलं आणि लगेच विचारलं, "यात ओल्ड कुठे लिहिलंय?" लिहिलेलंच नव्हतं. फोन केल्यावर कळलं की ते गावाबाहेरच्या भलत्याच कोर्सबद्दल बोलत होते. निम्मे पैसे परत मिळाले, तेही तीन महिन्यांनी. ओल्ड कोर्सचे खात्रीचे टी टाइम विकायला ट्रस्टने अधिकृत केलेल्या कंपन्या असतात. ते महाग पडतात, बहुतेक वेळा हॉटेलच्या रात्रींसकट घ्यावे लागतात, पण खरे असतात. तुमच्याकडे मोजकेच दिवस असतील आणि खिसा खोल असेल तर तोच रस्ता धरा. फक्त कागदावर "ओल्ड कोर्स" हे दोन शब्द, तारीख आणि वेळ बघून मगच पैसे द्या.

आम्ही चिठ्ठीचा रस्ता धरला. या कोर्सबद्दल मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. जगातला सर्वांत नावाजलेला गोल्फ कोर्स, पण तो कुणा क्लबच्या मालकीचा नाही. हँडिकॅपचा दाखला आणि ग्रीन फी, म्हणजे खेळायचे पैसे, असतील तर कुणीही चिठ्ठी टाकू शकतो. दोन किंवा जास्त जण असतील तर खेळायच्या दोन दिवस आधी नाव द्यायचं, सोडत निघते. आई एकटी खेळणारी. एकट्यांसाठी पूर्वी रात्रभर थंडीत रांग लावावी लागायची. २०२४ पासून ती पद्धत बंद झाली. आता आदल्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या मध्ये स्वतः तिथे जाऊन नाव नोंदवायचं, आणि संध्याकाळी निकाल मोबाईलवर येतो. नाव लागलं तर दोघा-तिघांच्या गटात रिकाम्या जागी तुम्हाला घालतात. पासष्टीच्या बाईला पहाटे दोन वाजता फूटपाथवर झोपावं लागत नाही, ही सोय माझ्या लेखी फार मोठी आहे.

२०२५ च्या मोसमात ओल्डची ग्रीन फी ३४० पौंड होती, म्हणजे आपले जवळपास एकोणचाळीस हजार, एका फेरीचे. आकडा ऐकून आईने "मग राहू दे" म्हटलंच. ही फी नाव लागलं तरच भरायची असते. बाकीचे कोर्स त्या मानाने बरेच स्वस्त आहेत आणि त्यांचं बुकिंग घरबसल्या आधी करता येतं. विमान, व्हिसा, गेस्ट हाउसच्या सहा रात्री, एडिनबरोच्या दोन, गोल्फ, कॅडी आणि जेवणखाण धरून दोघींचे पावणेपाच लाख झाले. अकरा लाख कुठे आणि हे कुठे. सहा रात्री ठेवल्या कारण चिठ्ठी न लागण्याचीच शक्यता जास्त असते. दोन रात्रींसाठी जाऊन नशिबावर भिस्त ठेवू नका. मला विचाराल तर या भेटीत दिवस जास्त ठेवायचे आणि हॉटेल साधं घ्यायचं.

सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही. एडिनबरोहून तासाभरात ल्यूकर्स येतं, तिथून ९९ नंबरची बस. गोल्फची पिशवी घेऊन हा प्रवास होतो, फक्त पिशवीला कडक कव्हर हवं. क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, तिकडे भाड्यानेही मिळतात. पण आईने स्वतःचेच नेले आणि ते बरोबर केलं. तीस वर्षांची सवय तीन दिवसांत बदलत नाही.

आम्ही मुद्दाम रविवारी पोहोचलो, कारण रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि तो सगळ्या गावाचा बाग होतो. लोक कुत्री घेऊन येतात, पोरं सायकली घेऊन येतात, आजीबाई बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या काठावर बसून थर्मासमधला चहा पितात. ओल्ड टॉम मॉरिस पूर्वी इथले ग्रीनकीपर, म्हणजे मैदानाची निगा राखणारे होते, रविवारी जमिनीला विश्रांती हवी या मताचे. आई पिशवी खोलीत टाकून, तोंडही न धुता निघाली. स्विल्कन पूल म्हणजे फोटोत दिसतो त्याहून पुष्कळच लहान, ओढ्यावरची दगडी कमान. मला वाटलं ती लगेच पुलावर जाईल. ती गेली नाही. म्हणाली, "खेळून झाल्यावर." मग आम्ही पुलाला वळसा घालून पुढे गेलो आणि दोन तास नुसत्या चाललो. तिने मला दुहेरी ग्रीन दाखवली. अठरापैकी चौदा होल्स जोडीजोडीने सात अवाढव्य ग्रीनवर आहेत आणि जोडीतल्या आकड्यांची बेरीज नेहमी अठरा: दुसरा आणि सोळावा, पाचवा आणि तेरावा, असं. चौदाव्यावरचा हेल नावाचा बंकर बघून ती गप्प झाली. खाली उतरून उभी राहिली तर तिचं डोकंच फक्त दिसत होतं. एकंदर ११२ बंकर आहेत आणि कित्येक तर टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, दिसतच नाहीत. या कोर्सवर रविवार चुकवू नका. न खेळणाऱ्याला तो पायाखाली घालून बघता येतो आणि खेळणाऱ्याला चालत चालत अभ्यास करता येतो. पुन्हा, फुकट.

सोमवारी सकाळी नऊलाच आई नाव द्यायला हजर. काउंटरवरची मुलगी शांतपणे बोलणारी, घाई न करणारी. दाखला बघितला, ओळखपत्र बघितलं, झालं. त्या दिवशी आई स्ट्राथटायरमवर खेळली. सातांमधला तो आखूड आणि सोपा, बंकर कमी. वाऱ्याचा अंदाज यायला पहिल्या दिवशी हाच घ्यावा. संध्याकाळी मोबाईलवर उत्तर आलं: नाही.

मंगळवारी ईडन, १९१४ सालचा, हॅरी कोल्टने आखलेला. आईला तो फार आवडला. संध्याकाळी पुन्हा नाही.

बुधवारी समुद्रावरून धुकं आलं. तिकडे त्या धुक्याला "हार" म्हणतात. दहा पावलांवरचं दिसत नव्हतं आणि जून असून आमच्या अंगावर चार-चार कपडे. सकाळी नाव दिलं आणि गोल्फच्या संग्रहालयात गेलो. पूर्वी चामड्याच्या खोळीत पिसं ठासून चेंडू करत, ते तिथे बघायला मिळतात. दुपारी कथीड्रलच्या पडक्या भिंतींमधल्या स्मशानात गेलो. तिथे टॉम मॉरिस पिता-पुत्र आहेत. मुलगा लागोपाठ चार वेळा पुरुषांची ओपन जिंकला आणि १८७५ च्या नाताळच्या दिवशी चोविसाव्या वर्षी गेला. बाप १९०८ पर्यंत जगला. आई त्या दगडासमोर बराच वेळ उभी होती. संध्याकाळी तिसरं नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. इतके पैसे, इतकी तयारी आणि ती पुलाजवळून परत जाणार. आईला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "अगं, मी तीन दिवस सेंट अँड्र्यूजला आहे. तुला काय वाटतं, मी वाट बघतेय?" आणि कुशीवर वळून झोपून गेली.

गुरुवारी मात्र मला हिमालयात जायचं होतं. ओल्ड कोर्सला लागूनच पटिंगसाठी एक मैदान आहे, सगळे त्याला हिमालयाज म्हणतात. नुसते उंचवटे, खळगे, पुन्हा उंचवटे. मोजके पौंड द्यायचे, पटर आणि चेंडू घ्यायचा, कुणीही खेळावं. हे मैदान चालवणारा बायकांचा पटिंग क्लब १८६७ सालचा. त्या काळी बाईमाणसाने क्लब खांद्याच्या वर उचलणं शोभत नाही असं मानत, म्हणून त्यांना हा तुकडा मिळाला. ओल्ड टॉमनेच तो आखला. तिथून ढांगेवर रॉयल अँड एन्शंट क्लबची करड्या दगडाची इमारत दिसते. तो क्लब १७५४ चा, आणि बायकांना सभासद करून घ्यायचा ठराव त्यांनी केला सप्टेंबर २०१४ मध्ये. आईने मला हे पटर हातात देता देता सांगितलं. मग म्हणाली, "वेलिंग्टनला पहिल्या दिवशी एक मेजरसाहेब मला म्हणाले होते, बायकांसाठी तिकडे बॅडमिंटन आहे." हे तिने मला पहिल्यांदाच सांगितलं. इतक्या वर्षांत कधीच नाही.

मी आयुष्यात पहिल्यांदा पटर धरला. आठव्या होलला माझा चेंडू उंचवट्यावरून गेला, वळला, परत आला आणि माझ्याच पायाशी थांबला. आई हसून खाली बसली. गोल्फ न खेळणाऱ्या मंडळींना घेऊन जाणार असाल तर सगळ्या गावात पैशाला सर्वांत जास्त आनंद इथे आहे, हे मी खात्रीने सांगते. मुलांना न्या, आजोबांना न्या.

दुपारी ती न्यू कोर्सवर खेळली. नाव नवा, साल १८९५. आईचा गुरुवारचा उपास, त्यामुळे केळी आणि उकडलेल्या बटाट्यावर अठरा होल. जेवणाबद्दल थोडक्यात: सूप आणि ब्रेड सगळीकडे चांगलं, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, आणि साउथ स्ट्रीटवरचं जॅनेटाजचं आइस्क्रीम थंडी असली तरी खावंच. १९०८ पासूनचं दुकान आहे.

संध्याकाळी त्याच दुकानासमोर उभ्या असताना फोन वाजला. शुक्रवार, दुपारी तीन चाळीस. आईने तीनदा वाचलं. मग मला म्हणाली, "बाबांना तू सांग, माझ्याने बोलवणार नाही."

कॅडी घ्यायचाच. मिळेलच असं नाही, पण विनंती आधी करून ठेवा. ठरलेली फी आणि वर टिप असते, रोख ठेवा. आईला मिळालेली कॅडी म्हणजे विद्यापीठात शिकणारी एक मुलगी होती. त्या उंच मुलीने आईची पिशवी खांद्यावर टाकली आणि पहिली गोष्ट विचारली, ती म्हणजे नेहमी चेंडू डावीकडे जातो की उजवीकडे. आईला सोबत कॅनडाहून आलेले बाप-लेक आणि त्यांचे एक मित्र. पहिली टी क्लबहाउसच्या अगदी समोर आहे, कुंपणाशी पन्नास-साठ माणसं उभी असतात, बसमधून उतरलेले प्रवासीसुद्धा. मी त्यांच्यात होते. पहिल्या आणि अठराव्याचा फेअरवे, म्हणजे टी ते ग्रीनमधला गवताचा पट्टा, एकच, प्रचंड रुंद, बंकर एकही नाही. तरी माझे पाय लटपटत होते. आईने चेंडू ठेवला, एकदा वाऱ्याकडे बघितलं आणि मारला. सरळ. कुंपणाशी कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

पुढचे तीन तास मी वेस्ट सँड्सच्या वाळूवर चालले. आईच्या गटाच्या मागे लागणं मला नको वाटलं. ती वेळ तिची होती. साडेसहाच्या सुमारास सतराव्याजवळच्या रस्त्यावर येऊन उभी राहिले. या होलला रोड होल म्हणतात, कारण ग्रीनच्या मागे खरोखरच रस्ता आहे आणि त्यापलीकडे दगडी भिंत. समोर डाव्या अंगाला तो खोल बंकर, खड्डाच म्हणा. ऊन अजून लख्ख होतं, जूनमध्ये तिकडे दहाच्या सुमारास मावळतं. आई लांबून येताना दिसली, टोपी हातात, केस विस्कटलेले. तिचा तिसरा फटका बंकरच्या काठावरून घरंगळत आत गेला. बाहेर काढायला दोन लागले. तिथून पटरने तीन. ग्रीनवरून जाताना तिने मला बघितलं आणि आठ बोटं दाखवली. चेहरा असा की जसं काही बक्षीस मिळालंय.

मग पूल. कॅडीने पिशवी खाली ठेवली आणि फोटो काढायला फोन मागितला. आई पुलाच्या मधोमध थांबली. कुंपणापाशी मी फार लांब होते, तिचा चेहरा मला दिसला नाही. फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये, खाली ओढ्याकडे बघतेय.

अठराव्याच्या ग्रीनसमोर एक खोलगट जागा आहे, तिला व्हॅली ऑफ सिन म्हणतात. आईचा चेंडू नेमका त्यात. तिने पटर मागितला. कॅडीने दुसरा क्लब पुढे केला होता, आईने मान हलवली. सात महिन्यांचं ते ढकलणं. चेंडू चढ चढला, काठावर जरा रेंगाळला आणि होलपासून हातभर अंतरावर थांबला. पुढचा आत. एकशे दोन फटके झाले एकूण.

ग्रीन फी, चिठ्ठी, चार दिवसांची धाकधूक, सगळं धरून पुन्हा न्यायला मी तयार आहे. त्रुटी म्हणाल तर एकट्याने खेळणाऱ्याला आदल्या संध्याकाळपर्यंत काहीच कळत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवसाचं दुसरं कुठलंही नियोजन ठाम करता येत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचार करावा, वैद्यकीय कारण असल्याशिवाय ओल्डवर गाडी मिळत नाही, सगळं पायी. आणि वारा बोचतो, कानटोपी न्या.

रात्री आठला आम्ही सूप मागवलं. पुण्यात साडेबारा वाजून गेले होते. बाबांनी पहिल्या रिंगला फोन उचलला. "सतराव्याला किती?" एवढंच विचारलं. आई म्हणाली, "थांबा, पहिल्यापासून सांगते." आणि पहिल्या होलचा वारा कुठून होता इथून तिने सुरुवात केली. सातव्यापर्यंत येईतो तिचं सूप गार झालं होतं. मी ते पुन्हा गरम करून आणायला उठले.